खिशातलं वायफायवालं कार्ड, फॉइल अन दीडशेचं पाकीट

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात मोबाईल कव्हरच्या गाड्यांवर आता आरएफआयडी पाकिटं, म्हणजे कार्डाचा सिग्नल अडवणारी पाकिटं, पण लटकायलेत. दीडशे म्हणतो, जरा घासाघीस केली की शंभरावर येतो. अन विकताना मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवतो जो तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरच्या ग्रुपवर फिरून गेलाय, गर्दीत एक माणूस हातात स्वाइप मशीन घेऊन लोकांच्या मागच्या खिशाला हळूच लावत चाललाय अन पैसे कटायलेत. बघणाऱ्याचा हात लगेच आपल्या खिशावर जातो, पाकीट विकलं जातं.

माझं कामच स्वाइप मशीनचं. लातूर, औसा, निलंगा, उदगीर ह्या पट्ट्यात दुकानात मशीन बसवायचं, बिघडलं की बदलून द्यायचं, रोल संपला म्हणून पण फोन मलाच येतो. त्यामुळं टपरीवर असो का लग्नाच्या पंगतीत, कोणीतरी विचारतंच, "भाऊ, ते वायफायवालं कार्ड खिशातल्या खिशात पैसे ओढू देतं म्हणे, खरंय का?" दरवेळी दहा मिनिटं तेच सांगून तोंड दुखायलंय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, मशीनला नुसतं टेकवून म्हणजे टॅप करून चालणाऱ्या ह्या कार्डावर चार कमानी काढल्यात म्हणून त्याला वायफाय म्हणतात, पण वायफायशी त्याचा काही संबंध नाही. कार्डात बॅटरीच नसते. आत कडेकडेनं बारीक तारेचे वेढे असतात, काही कार्डं उजेडात धरली तर दिसतात पण. मशीन १३.५६ मेगाहर्ट्झची लहर सोडतं, त्यानं त्या वेढ्यात तेवढ्यापुरती वीज तयार होते, चिप जागी होते, मशीनला उत्तर देते, अन कार्ड बाजूला घेतलं की परत गप्प. ही वीज लांबून पुरवता येत नाही, तिथंच अर्धी भीती संपते. ज्या स्टँडर्डवर हे चालतं ते दहा सेंटीमीटरच्या आतल्या अंतरासाठीच बनलंय, अन दुकानातलं मशीन तर चारेक सेंटीमीटरच्या पुढं ढिम्म हलत नाही. २०१३ मध्ये इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी पाठीवरच्या बॅगेत मावेल असं सामान वापरून ४५ सेंटीमीटरवरून सिग्नल पकडून दाखवला होता, तो आकडा लोक फार फिरवतात. पण त्यांनी काय केलं होतं तर आधीच चालू असलेला व्यवहार बाजूला उभं राहून ऐकला होता. झोपलेल्या कार्डाला तेवढ्या लांबून उठवलं नव्हतं.

अन ऐकून तरी काय मिळतं? कार्ड नंबर मिळतो, एक्सपायरी मिळते. मागं छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही हवेतून जातच नाही, पिन तर नाहीच नाही. शिवाय दर टॅपला चिप त्या रकमेवर अन मशीननं दिलेल्या एका आडव्यातिडव्या नंबरवर हिशोब करून एक कोड काढते, तो कोड त्याच व्यवहाराला चालतो, दुसऱ्यांदा लावला की बँक नाकारते. जुन्या काळ्या पट्टीवाल्या कार्डाचं तसं नव्हतं. ती पट्टी कॉपी केली की झालं दुसरं कार्ड तयार, म्हणून तर आरबीआयनं २०१८ अखेरपर्यंत सगळी कार्डं चिपवाली करायला लावली. म्हणजे हवेतून चोरलेल्या माहितीवर तुमच्या कार्डाचं जुळं बनत नाही. उरला नंबर अन एक्सपायरी. आपल्याकडच्या साईटवर त्याला ओटीपी लागतो. परदेशी साईटवर मात्र कधीकधी नुसत्या नंबरवर पण काम होतं, त्यामुळं इंटरनॅशनल वापर चालू ठेवून बसू नका. आपल्याला कुठं न्यूयॉर्कच्या दुकानातून तूरडाळ मागवायचीय.

आता व्हिडिओतला प्रकार. औश्याला आमचे एक तात्या आहेत, खतं-बियाण्याचं दुकान, त्यांचं मशीन बदलायला गेलो होतो अन दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नाही. तात्या म्हणले, "बघूच एकदा काय खरं ते." दहा रुपये टाकले अन लागलो प्रयोगाला. नुसतं कार्ड हातात धरलं तर बोटाएवढ्या अंतरावरून घेतलं. शर्टाच्या खिशातून घेतलं. पॅन्टच्या मागच्या खिशातल्या पाकिटातून, पाकिटात ते एकच कार्ड ठेवलं, मशीन चांगलं दाबून धरलं तर तिथूनही घेतलं, तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणजे व्हिडिओ सपशेल खोटाय असं मी म्हणणार नाही. पण त्याच पाकिटात टॅपवालं दुसरं कार्ड घातलं की मशीनवर लगेच आलं, एकच कार्ड दाखवा. दोन कार्डं एकदम बोलायला लागली की मशीन व्यवहारच करत नाही. अन प्रत्येक वेळी आधी रक्कम टाका, एंटर मारा, मग काही सेकंदात टॅप झाला तर झाला, नाहीतर टाइमआउट, परत पहिल्यापासून. चालत्या गर्दीत हे करत बसणारा चोर म्हणजे लई निवांत माणूस पाहिजे.

मग फॉइल. तात्यांच्या डब्यातल्या चपात्या फॉइलमध्ये होत्या, त्याचाच तुकडा पुसून कार्डाला गुंडाळला. एकच पदर. मशीन कितीही दाबा, काही नाही. नुसतं एका बाजूला फॉइल लावून दुसऱ्या बाजूनं मशीन लावलं, तरी बहुतेक वेळा गेलं नाही, कारण धातू शेजारी आला की त्या वेढ्यांचं गणितच बिघडतं. तात्यांचा पोरगा अकरावीला, लातूरला ट्युशनला असतो, त्या दिवशी घरी आलेला, त्यानं आपली पत्र्याची कंपासपेटी आणली. कार्ड आत, झाकण बंद, मशीन वर ठेवलं. ठणठण गोपाळ. पोरगं म्हणलं, "फॅराडे केज, काका." बरोबरय, चारी बाजूंनी धातू असला की लहर आत जात नाही, मायकेल फॅराडेनं १८३६ मध्येच दाखवून ठेवलंय. मग गोलाईतलं दीडशेचं पाकीट पण आणून बघितलं. तेही अडवतं, खोटं नाही. अस्तरात धातूचा पातळ पापुद्रा आहे. पण त्यात कार्डाचा कप्पाच तेवढा बंद, पुढचा पारदर्शक कप्पा उघडा, अन लोक नेमकं नेहमीचं कार्ड त्या पुढच्या कप्प्यात ठेवतात, पटकन काढायला बरं म्हणून. घ्यायचंच असेल तर घ्या, पाकीट म्हणून बरंय. सुरक्षा म्हणून पैसे घालवायचे असतील तर त्यापेक्षा घरातलं फॉइल बरं.

चोर असलं करत का नाहीत, त्याचं खरं कारण माझ्या रोजच्या कामात आहे. स्वाइप मशीन बाजारात किलोवर मिळत नाही. एक मशीन द्यायचं म्हणजे पॅन, आधार, शॉप ॲक्ट नाहीतर उद्यम, कॅन्सल चेक, दुकानाचा बोर्ड दिसेल असा फोटो, मालक आत उभा असलेला फोटो. २०२२ मध्ये आरबीआयनं मशीन कुठं आहे त्याचं जिओ-टॅगिंग पण करायला सांगितलं. टॅप केलेला पैसा त्याच क्षणी चोराच्या हातात येत नाही, सेटलमेंट होऊन बहुधा दुसऱ्या दिवशी त्या खात्यात पडतो. तोवर चारजणांनी तक्रार केली की टीआयडीवरून, म्हणजे मशीनच्या ओळख नंबरवरून, ते मशीन कोणाच्या नावावरचं ते कळतं. आता भाड्याच्या खात्यावर, दुसऱ्याच्या कागदावर मशीन काढणारे महाभाग असतात, नाही असं नाही. पण ज्याच्याकडं असलं खातं आहे तो घरी बसून फोनवर एका माणसाला लाखाला बुडवू शकतो, तो कशाला तुळजापूरच्या रांगेत लोकांच्या खिशाला मशीन लावत घाम गाळील.

फास्टॅगच्या व्हिडिओचं पण असंच झालं होतं. २०२२ च्या जूनमध्ये ते काच पुसणारं पोरगं अन त्याच्या हातातलं घड्याळ, काच पुसता पुसता फास्टॅग स्कॅन केला म्हणे. अर्ध्या महाराष्ट्रानं तो फॉरवर्ड केला, टोलनाक्यावरून जाताना आमच्या साडूंनी फास्टॅगवर हात ठेवला होता. फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयनं तेव्हाच सांगितलं की व्हिडिओ बनावट आहे. फास्टॅगचे पैसे नोंदणी झालेल्या टोलनाक्याला किंवा पार्किंगलाच जातात, घड्याळवाल्या पोराच्या खात्यात जायची सोयच नाही. तरी ती भीती अजून जिवंत आहे, व्हिडिओ दिसतो, खुलासा दिसत नाही.

मग टॅपमध्ये भोक कुठंय? भोक आहे, अन ते हवेत नाही. कार्ड हातातून जाणं. आधी पिनशिवाय टॅप दोन हजारापर्यंत होता, १ जानेवारी २०२१ पासून तो पाच हजार झाला. म्हणजे तुमचं कार्ड ज्याला सापडलं त्याला पाच हजाराच्या आतलं बिल करायला तुम्ही कोण, पिन काय, काही लागत नाही. माझ्या मावसभावाचं पाकीट नवरात्रात तुळजापूरला गेलं. खिसेकापूच, साधा ब्लेडवाला, वायरलेस बियरलेस काही नाही. पहिला मेसेज आला पेट्रोल पंपाचा, सोलापूर रोडचा. त्यानं कस्टमर केअरला फोन लावला, मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, तेवढ्यात दुसरा मेसेज, मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान, चार हजार नऊशे काहीतरी. त्या चोराला लिमिट पाठ होतं बघा. बायकोनं तिच्या फोनवरून त्याचं ॲप उघडून कार्ड ब्लॉक करेपर्यंत अजून एक गेला. बँकेचं नाव लिहीत नाही, भांडण झालं बरंच. शेवटी तक्रार नोंदल्यानंतरचा जो टॅप होता तेवढा परत मिळाला, आधीचे नाही मिळाले.

अन एटीएममधली अदलाबदल. आमच्या भागात हे लई चालतं, श्रावणबाळचे नाहीतर पिकविम्याचे पैसे काढायला आलेलं म्हातारं माणूस, मागं उभा असलेला गोड बोलणारा पोरगा, "आजोबा, द्या मी काढून देतो". पैसे काढून देतो, परत देतो ते दुसऱ्याच कोणाचं त्याच बँकेचं कार्ड. पिन त्यानं बघितलेलाच. आजोबांना गावात गेल्यावर पण कळत नाही, पुढच्या महिन्यात कळतं. असल्याला फॉइल काय करणार.

म्हणून मी सगळ्यांना पहिलं टॅप चालू-बंद करायचं बटण बघायला सांगतो. जानेवारी २०२० मध्ये आरबीआयचं परिपत्रक आलं, त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झालं, की नवीन कार्ड देताना ते फक्त भारतातल्या एटीएमला अन मशीनमध्ये घालून वापरायला चालू असेल. ऑनलाईन, इंटरनॅशनल, कॉन्टॅक्टलेस म्हणजे टॅप, हे तिन्ही गिऱ्हाईकानं स्वतः चालू करायचं. जी जुनी कार्डं टॅपला कधी वापरलीच नव्हती त्यांचं पण बंद करायला सांगितलं होतं. गंमत काय, जे लोक पाकीट घेऊन बसलेत त्यातल्या कितीकांचं टॅप आधीपासूनच बंद आहे, त्यांनी कधी चालूच केलं नाही. दुकानात कार्ड टॅप होईना म्हणून मशीन खराब आहे अशी तक्रार येते अन मी जाऊन बघतो तर कार्डाचंच टॅप बंद.

बघायचं कसं, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात जा, कुठं कार्ड कंट्रोल म्हणतात कुठं लिमिट, तिथं कॉन्टॅक्टलेसचं वेगळं बटण असतं. ॲप जमत नसेल तर नेटबँकिंग, एटीएम नाहीतर आयव्हीआर (फोनवर आकडे दाबायची सोय), ह्यातून पण ही सोय द्यायची असं त्याच परिपत्रकात आहे. टॅप वापरत नसाल तर बंद. वापरत असाल तर लिमिट खाली आणा, पाच हजार हे कमाल आहे, तेवढं ठेवायलाच पाहिजे असं काही नाही. तात्यांच्या पोराच्या कार्डाचं आम्ही त्याच दिवशी पाचशे करून टाकलं. मेस, झेरॉक्स, पुस्तकं, एवढंच तर आहे. पोरगं जरा नाराज झालं ती गोष्ट वेगळी. अन लातूरला ट्युशनला पोरं ठेवलेल्या सगळ्याच आईबापांनी हे करावं, होस्टेलच्या खोलीत एक कार्ड चौघं वापरतात हे मी डोळ्यानं बघतोय.

काहीजण कार्डाला कडेला भोक पाडतात, तार तुटते, टॅप बंद, चिप चालू राहते. युक्ती बरोबर आहे पण बटण असताना कार्डाला ड्रिल कामून मारायचं.

आता एक प्रकार असा आहे की ज्याची मला खरंच धास्ती वाटते, अन त्याचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ईसेट ह्या सायबरसुरक्षेच्या कंपनीनं एनगेट नावाचं एक अँड्रॉइडवरचं व्हायरस उघड केलं, चेक देशातल्या बँकांच्या गिऱ्हाईकांवर वापरलेलं. मेसेज येतो, लिंकवरून बँकेसारखं दिसणारं ॲप फोनमध्ये जातं, मग ते म्हणतं, व्हेरिफिकेशनसाठी तुमचं कार्ड फोनच्या पाठीला लावा अन पिन टाका. तुम्ही लावता. फोनमधलं एनएफसी, म्हणजे कार्ड जवळून वाचायची सोय, कार्डाशी बोलतं अन ते बोलणं जसंच्या तसं इंटरनेटवरून चोराच्या फोनला जातं, तो एटीएमसमोर उभा. एटीएमला वाटतं कार्ड इथंच आहे. वर जो एका वेळचा कोड सांगितला ना, तो इथं काही वाचवत नाही, कारण व्यवहार खराखुराच चाललाय, फक्त कार्ड एका गावात अन मशीन दुसऱ्या गावात. ज्यावर हे उभं केलं ते एनएफसीगेट नावाचं सॉफ्टवेअर जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी बनवलं होतं. चोरांनी उचललं. २०२५ मध्ये इटलीत सुपरकार्ड एक्स नावानं असाच प्रकार सापडला.

आपल्याकडं एपीके फाईलचा, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप घालणाऱ्या फाईलचा, रोग आधीच घरोघरी पोचलाय. लग्नपत्रिका डॉट एपीके, आरटीओ चलान डॉट एपीके, पीएम किसानची यादी डॉट एपीके. शेतकऱ्याला हप्ता अडकलाय असा मेसेज आला की तो उघडणारच, आधी मंडळ अधिकारी मग तलाठी मग सेतू असं फिरून दमलेला असतो. ज्या फोननं लग्नपत्रिका उघडली तो फोन उद्या कार्ड पाठीला लावा म्हणणार नाही कशावरून. कुठलीच बँक कार्ड फोनला लावून पिन टाका असं सांगत नाही, फोनवर एनएफसी लागत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवा. इथं तुमचं दीडशेचं पाकीट काहीच करू शकत नाही, कारण कार्ड पाकिटातून तुम्ही स्वतः काढलेलं असतं.

अन खेड्यात तर कार्डाच्याही आधी अंगठा आहे. ग्राहक सेवा केंद्रात आधार अन अंगठ्यावर पैसे निघतात, ना पिन ना ओटीपी. जमिनीच्या दस्तावरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे करून पैसे काढल्याची प्रकरणं दुसऱ्या राज्यांत पोलिसांनी पकडलीत. अंगठ्याला फॉइल लावता येत नाही, पण कुलूप लावता येतं, एमआधार ॲपमध्ये नाहीतर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवर बायोमेट्रिक लॉक आहे. पैसे काढायच्या दिवशी तात्पुरतं उघडायचं. आमच्या आईचं मी करून ठेवलंय, महिन्याला एकदा उघडून देतो, ती म्हणते तिजोरी झाली माझ्या बोटाची.

पैसे गेलेच तर वेळ सगळ्यात महाग. आधी कार्ड ब्लॉक, मग १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन, तो लागेना तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, अन बँकेत लेखी देऊन तक्रार नंबर घ्यायचाच, "साहेब बघतो म्हणले" ह्याला काही किंमत नाही. ह्याचे नियम आरबीआयनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातले, सहकारी बँकांसाठी ते त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानंच हात मारलाय असं असेल अन बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही जबाबदारी नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर काही भाग तुमच्यावर. हयगय तुमची असली तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. बँकेनं दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती टाकायची अन नव्वद दिवसांत निकाल लावायचा. मॅनेजर नाही म्हणाला तर परिपत्रकाचं वर्ष सांगा, आवाज जरा खाली येतो.

हे सगळं मेसेज वेळेवर आला तरच बरं का. कितीतरी लोकांचा बँकेतला नंबर अजून जुनाच, सिम कधीच बंद पडलेलं, नाहीतर मेसेज मुंबईत कामाला असलेल्या पोराच्या फोनवर जातात अन तो रात्री डबल ड्युटी करून झोपलेला. पासबुक भरायला शाखेत जाल तेव्हा नंबर कोणता लावलाय ते विचारून घ्या.

अन मुदत संपलेलं कार्ड फेकताना नुसती मधून कात्री मारू नका. चिपवरून एक काप मारा अन कडेच्या वेढ्यांवरून दुसरा, लहान पोरांच्या हातात खेळायला दिलेली अख्खी कार्डं मी दुकानादुकानात बघतो.